मंगळावरच्या सुरगाठी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "अण्णा, यंदा आमच्यासाठी काहीतरी करा." मी सवयीनं विचारलं, "किती बाय किती?" मग ते म्हणाले, "चार-पाच पानं." आली का पंचाईत! आयुष्यभर लोकांनी माझ्याकडं खुर्च्या मागितल्या, सतरंज्या मागितल्या, रुसलेल्या जावयासाठी सोफा मागितला. लेख कुणी मागितला नव्हता. बायको म्हणाली, "लिहा की. तसंही दिवसभर सांगतच असता, ऐकणारं कुणी नसतं." म्हणून बसलोय लिहायला.

तिसगावात माझा मंडपाचा धंदा. आता मुलगा बघतो. त्याच्याकडं लोखंडी डोम आलेत, नटबोल्टचं काम. माझे बांबू आणि दोर गोदामात पडून आहेत आणि मीही बराच वेळ त्यांच्याशेजारीच असतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मंडपवाल्याचं काम म्हणजे मंडप घालणं. छे! घालणं कुणालाही जमेल. खरं काम काढायचं. आज तिसगावात लग्न, उद्या सकाळी दुसऱ्या गावात साखरपुडा. वरात दारातून हलली की आमची पोरं खांबाला हात घालणार. म्हणून आम्ही निरगाठ मारतच नाही. निरगाठ ओढावी तशी आवळत जाते, शेवटी दातानं सोडवावी लागते. आमची सगळी सुरगाठ. दोराचं एक टोक लोंबतं ठेवायचं, त्याला एक झटका दिला की काम खल्लास. माझा जोडीदार रफिकभाई तर ही गाठ गप्पा मारता मारता मारायचा, गाठीकडं बघायचासुद्धा नाही. आम्हा दोघांना गर्व एकाच गोष्टीचा, की आपलं काम वेळेवर. नवरदेव उशिरा आले, भटजी उशिरा आले, एका लग्नात तर नवरीच पार्लरमधून उशिरा आली. मंडप कधी उशिरा गेला नाही.

एक मिरजगावचं लग्न मात्र सांगितलंच पाहिजे, कारण पुढं ते उपयोगी पडणार आहे. तिथं दोन व्याह्यांचं फेट्यावरून बिनसलं होतं. आधी कुणाला बांधला आणि नंतर कुणाला, एवढंच. पण दोघं मांडवाच्या दोन टोकांना पाठ करून बसलेले. अक्षता पडायच्या आत वावटळ उठली. छत फुगलं, खांब जमिनीतून वर यायला लागले. मी ओरडलो, "लोंबकळा खांबाला!" आणि सगळं वऱ्हाड लोंबकळलं. मामा, आत्या, बँडवाले, आचारी, सगळे. मधल्या खांबाला कोण मिठी मारून होतं? तर आमचे दोन्ही व्याही, एकमेकांच्या फेट्यात तोंड खुपसून. वारा गेला, रुसवाही गेला. हा किस्सा मी पुढं प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगायचो. मंडप उडायला निघाला होता ही गोष्ट आपण जाहिरात म्हणून सांगतोय, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

तर अशा माणसाकडं तीन-चार वर्षांपूर्वी एक मुलगी आली. स्नेहल. भिंगारची. वडील लष्कराच्या कारखान्यातून रिटायर झालेले, ही शिकून पुण्यात इंजिनिअर. बरोबर अनिकेत नावाचा चष्म्यातला मुलगा. ती म्हणाली, "काका, तुमच्या मागच्या डोंगरावर एक मंडप हवाय."

"कार्य कोणतं?"

"मंगळावर राहायचंय."

मी म्हटलं, "मंगळ कडक आहे का कुणाचा? त्याला मंडप लागत नाही, शांत करून देणारे गुरुजी आहेत पाथर्डीला."

ती एवढी हसली की खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. मग तिनं नीट समजावून सांगितलं. मंगळावर माणूस पाठवायचा तर यान लागतंच, पण त्याआधी एक गोष्ट बघावी लागते, की चार माणसं एका खोलीत, मोजक्या पाण्यावर, बाहेरच्या कुणाचं तोंड न बघता राहू शकतात का. परदेशात यासाठी मोठाली घरं बांधतात. "आपल्याला तेवढं परवडत नाही, काका. मग काय करायचंच नाही? माणूस तोच, जागा तेवढीच, भांडणं तीच. ती मांडवातसुद्धा होतील."

भांडणाचं मला पटलं. मांडवात ती होतातच.

तिच्या गटाचं सगळंच असं स्वस्तातलं होतं. अंतराळवीराचा पोशाख म्हणून औषध फवारणीचे झगे, डोक्याला मोटारसायकलचं हेल्मेट, हाताला वेल्डिंगचे मोजे. पाठीवरच्या ओझ्यासाठी फवारणीचे पंपच पाणी भरून बांधलेले. पहिल्या दिवशी ही वरात माळावरून निघाली तेव्हा खालच्या वस्तीवरचा एक जण धावत आला आणि म्हणाला, "आमच्या डाळिंबालाबी एक हात मारा की!"

पण त्या पोरीच्या दृष्टीनं हा खेळ नव्हता. आधी दोनदा तिचा प्रयत्न मोडला होता. एकदा साथीदार आजारी पडला, एकदा कुणाचे तरी आईवडील काळजीनं थेट आतच आले. नियम असा की बाहेरचा माणूस आत आला किंवा आतला बाहेर पडला, की मोहीम तिथंच संपली, आधीचे सगळे दिवस वाया. "हे तिसरं," ती म्हणाली. "यापुढं कुणाला रजा मिळणार नाही. माझं लग्नही घरच्यांनी याच्यासाठीच थांबवलंय. हे मोडलं तर गटही मोडेल, काका." हे तिनं हसत सांगितलं, पण बोलताना हातातला रुमाल पिळत होती.

मी म्हटलं, "पोरी, माझा मंडप आजवर पडला नाही," आणि लगेच मिरजगावचा किस्सा सांगितला.

डोंगरावरच्या मुरमाड सपाटीवर आम्ही दोन दिवसांत मंगळ उभा केला. बांबूचे खांब, जाड ताडपत्री, दाराला एकामागं एक दोन पडदे, म्हणजे मंगळाची हवा आत शिरायला नको. आतून छत लावायला माझ्याकडं गुलाबी झालरीचंच कापड मोकळं होतं, तेच लावलं. स्नेहल वर बघून म्हणाली, "मंगळ तांबडा असतो, काका." मी म्हटलं, "धुतला की गुलाबी होतो." भोवती फक्कीची पांढरी रेघ ओढली. रेघेच्या आत मंगळ, त्यात स्नेहल आणि तिचे तीन साथीदार; बाहेर काही नाही. पृथ्वी मात्र खाली, डोंगराच्या आडोशाला. पत्र्याची एक शेड, त्यात अनिकेत, त्याचा कॉम्प्युटर, रफिकभाई आणि मी. वरचं काही दिसायचं नाही, मुद्दामच.

निघताना अनिकेतनं विचारलं, "काका, गाठी पक्क्या आहेत ना?"

"आमची गाठ म्हणजे गाठ," मी छातीवर हात मारून म्हणालो. रफिकभाईनं मान हलवली. गाठी सगळ्या सुरगाठी होत्या. तीन आठवडे टिकायच्या मंडपाला आम्ही उद्या सकाळी काढायच्या गाठी मारल्या होत्या आणि दोघांच्याही डोक्यात शंकेची पाल चुकचुकली नाही. हाताला दुसरी गाठ येतच नव्हती, त्याला डोकं तरी काय करणार!

बोलण्याचीही एक गंमत होती. मंगळ लांब, त्यामुळं इथला आवाज तिथं पोचायला वेळ लागतो म्हणे. म्हणून अनिकेतनं अशी सोय केली होती की आम्ही यंत्रावर बोललेलं त्यांना दहा मिनिटांनी ऐकू जायचं आणि त्यांचं आम्हाला दहा मिनिटांनी. मी सकाळी विचारायचो, "चहा झाला का?" उत्तर यायचं तोवर माझा दुसरा चहा झालेला असायचा. फक्त खऱ्या संकटासाठी वर मंडपात एक भोंगा होता. त्याला उशीर नव्हता. पण तो वाजवला की मोहीम संपली.

वस्तीवरच्या कौसामावशींना हे अजिबात मान्य नव्हतं. त्या रोज भाकरी-ठेचा घेऊन डोंगर चढायच्या आणि रफिकभाई त्यांना रेघेवर अडवायचा.

"पोरं उपाशी हायेत आत!"

"मावशी, ती मंगळावर हायेत."

"मंग? मंगळावर भाकर खात न्हाईत व्हय?"

रफिकभाई तरी हलायचा नाही. मग मावशी रेघेबाहेर बसून आतल्यांना दिसेल अशी भाकरी स्वतःच खायच्या. आतून स्नेहलचा निरोप आला, "काका, आमचं बाकी सगळं सोसून होतंय. मावशींना जरा पाठ करून बसायला सांगा."

दोन आठवडे सुरळीत गेले आणि मला ताठा चढला. गावात कुणी भेटलं की सांगायचो, "मंगळाचं काम आपल्याकडंय." वैशाखातली दुपार होती. मी शेडमध्ये डुलकी काढत होतो. आधी पत्रा कुरकुरला, मग दारातली बादली आपल्या पायानं चालत गेली. बाहेर येऊन बघतो तर पश्चिमेकडून तांबडी भिंतच येत होती. धुळीत डोंगर दिसेना. वरून ताडपत्रीचा फाडफाड आवाज. तो आवाज मी झोपेतही ओळखतो. छत फुगायला लागलं की तसा आवाज येतो.

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सुरगाठी! दोन आठवडे डोंगरावरचा वारा त्या दोरांना हिसडे देत होता. आम्ही जो एक झटका देऊन मंडप सोडवतो, तसे हजार झटके.

"रफिकभाई, गाठी कोणत्या मारल्या आपण?"

रफिकभाईचा चेहरा पडला. "अण्णा, आपल्याला दुसरी येती कुठं?"

मी यंत्रावर झडप घातली. "स्नेहल! दोर बघा! सुटलेला दोर घ्या, खुंटीला वेढा द्या, मग टोक खालून... नाही, वरून... मग डाव्या..." माझी जीभच अडकली. उभ्या आयुष्यात हजारो गाठी मारल्या, सांगितली एकही नव्हती. माझे हात हवेत गाठ मारत होते आणि तोंडातून नुसतं "मग असं, मग तसं" निघत होतं. अनिकेत म्हणाला, "काका, त्यांना तुमचे हात दिसत नाहीत." तेही खरंच. शिवाय हे सगळं त्यांना ऐकू जाणार दहा मिनिटांनी, तोवर मंडप मिरजगावात पोचला असता.

मी धावत सुटलो. हाकेच्या अंतरावर माझा मंडप पडतोय, त्यात चार पोरं आहेत, आणि मी पृथ्वी-पृथ्वी खेळत बसू? रफिकभाईनं मागून माझा पट्टा धरला आणि खाली बसला. तो माझ्या दुप्पट आहे. "अण्णा, भोंगा वाजला न्हाई अजून. तुमी रेघ वलांडली तर पोरीचं समदं गेलं."

"पोरगीच गेली तर?"

"भोंगा न्हाई वाजला," तो पुन्हा म्हणाला आणि पट्टा आणखी घट्ट धरला.

तेवढ्यात वरून कड्कन बांबू मोडल्याचा आवाज आला. माझी तर पाचावर धारण बसली. पट्टा सोडवून मी पुन्हा यंत्राकडं गेलो आणि ओरडलो. काय बोललो ते पुढं सगळ्यांनी मला ऐकवलंय, म्हणून लिहितो. "पोरी, आग लागो तुझ्या मंगळाला! बाहेर ये! सगळे बाहेर या! मंडप गेला तरी चालेल, मोहीम गेली तरी चालेल. तुझ्या बापाला काय तोंड दाखवू मी? ऐक माझं, बाहेर ये!" बोलता बोलता रडायलाच लागलो. रफिकभाईला दोन शिव्याही दिल्या, त्याही त्यात गेल्या.

मग यंत्र खरखरलं. स्नेहलचा दहा मिनिटांपूर्वीचा आवाज. धापा टाकत होती, मागं फाडफाड. "काका, वारा सुटलाय. पश्चिमेचे दोर सुटले. आम्ही चौघं खांबांना लोंबकळतोय. मिरजगावच्या व्याह्यांसारखे! धरून ठेवतोय."

पोरीनं माझ्या गाठीची वाट बघितलीच नव्हती. माझी सगळी विद्या बाजूला राहिली आणि कामी आली ती माझी बढाई.

पण पुढच्याच क्षणाला आठवलं. माझा तो निरोप! तो अजून वाटेत होता. ती एवढं धरून बसलीय आणि आता तिला माझं रडणं ऐकू जाणार, बाहेर ये, बाहेर ये.

"अनिकेत, थांबव तो निरोप!"

"थांबवता येत नाही, काका."

"कॉम्प्युटर तुझाच आहे ना?"

"म्हणूनच. मी तसंच बनवलंय. मंगळाकडं निघालेला आवाज कोण परत आणणार?"

वारा पडला होता. चार थेंब आले आणि मातीतच जिरले. आम्ही तिघं शेडबाहेर उभे राहून डोंगराच्या वळणाकडं बघत होतो. ती बाहेर पडली तर त्याच वळणावर दिसणार. पहिल्यांदाच मला असं वाटत होतं की आपलं बोलणं कुणी ऐकू नये. धंद्यात एरवी ही चिंता नसते, आमच्या पोरांनी माझं कधीच ऐकलं नाही.

वळणावर एक आकृती दिसली. माझ्या तोंडून "गेलं!" असं निघालं. धुळीनं माखलेली, डोक्यावर पाटी. पोशाख नव्हता, लुगडं होतं. कौसामावशी! वारा सुटला तेव्हा त्या वर रेघेशीच होत्या आणि दगडाच्या आडोशाला बसून राहिल्या होत्या.

"आरं बाबा, काय सांगू! ती चारी जनं आत..."

अनिकेतनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "मावशी, सांगू नका! अजून दहा मिनिटं झाली नाहीत!"

"आँ?"

"तिथली बातमी निरोपाच्या आधी आम्हाला कळायला नको. नियम आहे."

मावशींनी त्याच्याकडं, मग माझ्याकडं पाहिलं. "लई शिकला का रे हा?" असं म्हणून त्या पाटी ठेवून बसल्या. वर, "मला समदं म्हाईत हाय, पन आता मी सांगनारच न्हाई," असं दर मिनिटाला सांगत राहिल्या. रफिकभाईनं चहा दिला, तोंड तेवढंच बंद.

माझा निरोप तिला ऐकू जाऊन बराच वेळ झाला असेल. वळण रिकामं. भोंगा गप्प. शेवटी यंत्र खरखरलं. या वेळी मागं वाऱ्याचा आवाज नव्हता. स्नेहल अगदी हळू म्हणाली, "काका, निरोप मिळाला. वारा थांबलाय. कुणाला लागलं नाही, एक बांबू मोडलाय. आम्ही आतच आहोत. गाठी आम्हीच मारून घेतो. आणि रफिककाकांना सांगा, शिव्यांचा राग मानू नका."

रफिकभाई माझ्याकडं पाठ करून डोळे पुसत होता. मावशी म्हणाल्या, "हेच तर सांगत हुते मी."

ठरलेल्या दिवशी मोहीम पूर्ण झाली. आम्ही सगळे रेघेवर जाऊन उभे राहिलो. चौघं दोन पडद्यांतून बाहेर आले. हेल्मेट काढली. स्नेहल वाळली होती, पण चेहऱ्यावर असं हसू की सुपारी फुटलेल्या घरातसुद्धा दिसत नाही. ती म्हणाली, "या ना काका आत." मी नुसता बघत उभा. रफिकभाईनं ढोसलं, "बोला की! आता काय धा मिनटं थांबता का?"

मी रेघ ओलांडली आणि सवयीनं पहिल्या खुंटीशी वाकलो, मंडप काढायला. लोंबतं टोकच सापडेना. जाड मोज्यांतल्या बोटांनी त्यांनी कशाही, एकावर एक, वेड्यावाकड्या निरगाठी मारल्या होत्या. दिसायला भयानक. मी ओढलं, रफिकभाईनं ओढलं, दात लावून पाहिले. शेवटी विळा मागवला. आयुष्यात पहिल्यांदा मी माझा दोर कापला.

सतरंज्यांच्या गठ्ठ्यावर बसून सगळे मावशींची भाकरी खात होते. तिथं मी स्नेहलचे तळवे पाहिले. उघड्या हातांनी धरलेल्या बांबूच्या सालींनी चिरलेले, आठवडा झाला तरी ओरखडे लाल. मी खजील होऊन म्हणालो, "पोरी, त्या दिवशी मी भलतंच बोलून बसलो. तू ऐकलं नाहीस ते बरं केलंस."

ती चावायची थांबली. "ऐकलं नाही असं नाही, काका. मध्ये एकदा माझे हात सुटत आले होते. भोंग्याकडं बघत होते मी सारखी. त्या वेळी कुणी नुसतं 'ये' म्हटलं असतं ना, तर मी पहिली पळाले असते. तुमचा आवाज आला तेव्हा वारा पडून गेला होता."

मावशींनी माझ्या हातावर अर्धी भाकरी ठेवली आणि म्हणाल्या, "खा, गार झाली."

मी आजही गावात सांगतो की आपलं काम नेहमी वेळेवर. रफिकभाई शेजारी असला तर तो खोकतो. एवढ्या वर्षांत माझी एकच गोष्ट उशिरा पोचली, आणि त्या पोरीचा मंगळ तेवढ्यावरच टिकला.